नंबर लागेल का? नागपूरहून अमेरिकेतील निवडक विद्यापीठांत अर्ज करणाऱ्यांसाठी

दर वर्षी जून-जुलैत, बारावीच्या शिकवण्यांची घाई सुरू झालेली असते तेव्हा, दोन-तीन पालक माझ्याकडे एकच प्रश्न घेऊन येतात. मुलीला दहावीत शहाण्णव टक्के आहेत, अकरावीतही ती वर्गात पहिली आहे, एसएटी या अमेरिकी प्रवेशपरीक्षेच्या सराव चाचणीत पंधराशेच्या पुढे जाते; तर हार्वर्ड, स्टॅनफर्ड, एमआयटी यांपैकी कुठे तिचा नंबर लागण्याची शक्यता किती? मी नागपुरातील एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो आणि अशा अर्जांसाठी शिफारसपत्रे लिहीत आलो आहे. या प्रश्नाचे उत्तर टक्क्यांत देणे मला कधी जमलेले नाही. शक्यता कुठे घटते आणि कुठे वाढवता येते, हे मात्र पुष्कळसे सांगता येते. ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी अर्ज करत आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

आधी प्रश्न बदला

"नंबर लागणे" हा शब्दप्रयोगच आपल्या प्रवेशपद्धतीतून आलेला आहे. जेईई ॲडव्हान्स्ड २०२४ मध्ये दोन्ही पेपर देणारे सुमारे १ लाख ८० हजार विद्यार्थी होते आणि आयआयटीतील जागा १७,७४०. हातात रँक आली की आयआयटी-एनआयटीच्या जागा वाटणाऱ्या जोसाच्या संकेतस्थळावरील मागील वर्षाची शेवटची रँक पाहून कोणालाही बऱ्यापैकी नेमका अंदाज बांधता येतो. अमेरिकेतील निवडक विद्यापीठांकडे अशी यादी नाही, कट-ऑफ नाही आणि त्यामुळे "दोन गुणांनी हुकले" असे म्हणण्याची सोयही नाही. तिथे अधिकारी अख्खी फाइल वाचतात आणि एकाच शाळेतल्या दोघांपैकी कमी गुणांचा विद्यार्थी निवडला गेला, तरी त्यात त्यांना काही विसंगत वाटत नाही.

मग चांगल्या गुणांचे काय होते? आशियाई वंशाच्या अर्जदारांशी भेदभाव केल्याच्या आरोपावरून हार्वर्डविरुद्ध झालेल्या खटल्याची सुनावणी २०१८ मध्ये बोस्टनच्या न्यायालयात झाली, तेव्हा २०१५ मध्ये प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या तुकडीचे आकडे बाहेर आले. केवळ अमेरिकेतील सुमारे २६ हजार अर्जदारांत आठ हजारांहून अधिक जणांचे शालेय गुण पैकीच्या पैकी होते आणि साडेतीन हजारांच्या आसपास विद्यार्थ्यांना एसएटीच्या गणितात पूर्ण गुण होते, तर प्रवेश द्यायचे होते ते जगभरातील मिळून साधारण दोन हजार जणांना. म्हणजे उत्तम गुणांनी फाइल बाजूला पडत नाही, एवढेच. ती उचलली जाते ती दुसऱ्या कशाने तरी.

भाजक कोणता घ्यायचा

२०२४ मध्ये हार्वर्डकडे सुमारे ५४ हजार अर्ज आले आणि प्रवेश दोन हजारांहून थोडे कमी दिले गेले; एमआयटीकडे २८ हजारांवर अर्ज आणि प्रवेश तेराशेच्या आत. हे साडेतीन-साडेचार टक्के सर्वांच्या तोंडी असतात, परंतु नागपूरच्या विद्यार्थ्यासाठी तो आकडा खरा नाही. त्यात अमेरिकन नागरिक आहेत, खेळाडू म्हणून आधीच हेरून ठेवलेले विद्यार्थी आहेत आणि काही विद्यापीठांत माजी विद्यार्थ्यांची मुलेही आहेत (एमआयटी हा शेवटचा निकष मानत नाही). परदेशी विद्यार्थ्यांची संख्या आपण मर्यादित ठेवतो, हे एमआयटी उघडपणे सांगते. त्या गटातील प्रवेशाचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास राहिले आहे.

विषयामुळेही भाजक बदलतो. कार्नेगी मेलन, इलिनॉयचे अर्बाना-शॅम्पेन किंवा वॉशिंग्टन विद्यापीठ यांचा एकूण प्रवेशदर पाहून कॉम्प्युटर सायन्सला अर्ज करणे ही नेहमीची चूक आहे, कारण तिथे त्या विषयाची चाळणी वेगळी आणि फार बारीक असते.

आणखी एक हिशेब नागपूरकर पालक, विशेषतः गणित चांगले असलेले, हमखास मांडतात. प्रत्येक ठिकाणी चार टक्के शक्यता धरली आणि दहा ठिकाणी अर्ज केले, तर सगळीकडून नकार येण्याची शक्यता ०.९६ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ६६ टक्के; अर्थात कुठेतरी प्रवेश मिळण्याची शक्यता तीनात एक. गणित बरोबर आहे, गृहीतक चुकीचे आहे. हा नियम स्वतंत्र घटनांना लागू होतो, आणि इथे दहाही टेबलांवर तीच फाइल, तोच निबंध, त्याच शिक्षकाचे पत्र जाते. पत्र पोकळ असेल तर ते दहाही ठिकाणी पोकळच असते. अर्जांची संख्या वाढवण्यापेक्षा फाइल सुधारण्यात वेळ घालवावा, असे मी म्हणतो ते यामुळे.

यादीच्या आधी पैशांचे बोलणे

बहुतेक घरांत आधी यादी ठरते आणि खर्चाचा विषय मार्चमध्ये निघतो. क्रम उलटा हवा, कारण परदेशी विद्यार्थ्याच्या बाबतीत पैशांची मागणी निवडीवरच परिणाम करू शकते. या विद्यापीठांचा राहण्या-जेवणासह वर्षाचा खर्च ८० हजार डॉलरच्या पुढे गेला आहे, म्हणजे सत्तर लाख रुपयांच्या घरात. एवढी रक्कम चार वर्षे भरू शकणारी घरे रामदासपेठेतही मोजकीच असतील.

येथे दोन शब्द नीट समजून घ्यावेत. निर्णय घेताना कुटुंबाची आर्थिक गरज पाहिली जात नाही, ते धोरण "नीड-ब्लाइंड". पाहिली जाते ते "नीड-अवेअर". परदेशी विद्यार्थ्यांसाठीही नीड-ब्लाइंड असलेली विद्यापीठे मोजकी आहेत: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ, ब्राउन, आणि आपल्याकडे फारशी नावे न ऐकलेली ॲमहर्स्ट व बोडन ही लहान महाविद्यालये त्यांत येतात. एकदा प्रवेश दिला की ही विद्यापीठे कुटुंबाची पूर्ण गरज भागवतात. हार्वर्ड आणि एमआयटी यांनी तर २०२५ पासून, मालमत्ता सर्वसाधारण असेल तर, वार्षिक उत्पन्न दोन लाख डॉलरपर्यंत असलेल्या कुटुंबांकडून शिक्षणशुल्क न घेण्याचे ठरवले आहे. म्हणून "हार्वर्ड महाग, आपले काम नाही" हे वाक्य मध्यमवर्गीय घराच्या बाबतीत बरेचदा उलटे ठरते; परवडत नाही ते दुसऱ्या फळीतले, मदत न देणारे विद्यापीठ. स्टॅनफर्ड मात्र परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीत नीड-अवेअर आहे, आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या शाखा (बर्कली, लॉस एंजेलिस वगैरे) परदेशी विद्यार्थ्याला गरजेवर आधारित मदत देत नाहीत.

यातून एक मोह उभा राहतो: आता मदत नको म्हणावे, प्रवेश मिळाल्यावर मागावी. तसे करू नये. परदेशी विद्यार्थ्याने अर्जाच्या वेळी मदत मागितली नसेल, तर नंतर ती मागण्याची वाट बहुतेक ठिकाणी बंद असते.

मदतीसाठी बहुतेक निवडक विद्यापीठे "सीएसएस प्रोफाइल" नावाचा फॉर्म भरून घेतात. नोकरदार पालकांचा फॉर्म १६ आणि आयकर विवरण असले की तो एका रविवारी भरून होतो. शेती असलेल्यांना वेळ लागतो. काटोल किंवा नरखेडकडे संत्र्याची बाग असेल, तर तिचे उत्पन्न करमुक्त असले तरी ते या फॉर्ममध्ये दाखवावेच लागते, आणि सातबाऱ्यावरची जमीन ही मालमत्ता म्हणून मोजली जाते. जमिनीत चार भावांचा वाटा आहे, बाग यंदा गळतीने गेली, आजोबांच्या औषधपाण्याचा खर्च आहे, अशा गोष्टी लिहिण्यासाठी विशेष परिस्थितीचा रकाना असतो. तो रिकामा सोडणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. आपली अडचण परक्याला सांगायला संकोच वाटतो, पण तिथे ती अपेक्षितच असते.

शाळेचे कागद: खरी अडचण इथे असते

अमेरिकेत नववी ते बारावी ही एक शाळा समजली जाते. आपल्याकडे नववी-दहावी एका शाळेत आणि अकरावी-बारावी दुसऱ्याच कनिष्ठ महाविद्यालयात होते. त्यामुळे गुणपत्रक दोन्हीकडून आणावे लागते, आणि दहावीनंतर टीसी घेऊन गेलेला विद्यार्थी नववीचे गुण मागायला परत आला की जुन्या शाळेच्या कार्यालयाला आधी आश्चर्य वाटते आणि मग सवड नसते.

त्याहून मोठी अडचण "इंटिग्रेटेड"ची आहे. प्रवेश एका महाविद्यालयात, प्रत्यक्ष शिक्षण क्लासमध्ये, आणि महाविद्यालयात जायचे ते फक्त प्रात्यक्षिकांसाठी, ही व्यवस्था नागपुरात रुळलेली आहे आणि जेईई-नीटपुरती ती चालतेही. अमेरिकेच्या अर्जात मात्र ती दोन ठिकाणी नडते. पहिली जागा अकरावीच्या गुणांची. ही परीक्षा महाविद्यालय पातळीवरची असल्यामुळे ती कोणी मनावर घेत नाही. पण अर्ज जातो तेव्हा बारावीचा निकाल लागलेला नसतो, म्हणून अमेरिकेतील वाचकासमोर सर्वांत ताजे पूर्ण वर्ष अकरावीचेच असते. दुसरी जागा शिफारसपत्रांची. निवडक विद्यापीठे बहुधा दोन शिक्षकांची पत्रे मागतात. एमआयटीला त्यांपैकी एक गणित-विज्ञानाच्या आणि एक भाषा किंवा समाजशास्त्रासारख्या विषयाच्या शिक्षकाचे हवे असते. ज्या इंग्रजीच्या प्राध्यापकांनी विद्यार्थ्याला वर्षभरात चार वेळा पाहिले, ते लिहिणार काय?

मी लिहिलेले पहिले शिफारसपत्र आजही माझ्याकडे आहे. विद्यार्थी प्रामाणिक, आज्ञाधारक व कष्टाळू आहे, त्याची वर्तणूक चांगली आहे आणि त्याच्या उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा, अशी पाच ओळींची मजकुराची चौकट, खाली सही आणि गोल शिक्का. ते पत्र नव्हते, चारित्र्याचा दाखला होता, आणि त्या मुलाच्या फाइलला त्याचा काडीचाही उपयोग झाला नसणार. नंतर शिकलो की पत्रात एखादा प्रसंग लागतो: प्रयोगशाळेत लंबकाच्या प्रयोगाचे उत्तर पुस्तकाशी जुळेना, तेव्हा बाकीच्यांनी आकडे जुळवून घेतले आणि ही मुलगी मधल्या सुट्टीत दोरा बदलून पुन्हा मोजत बसली, असे काहीतरी. तेव्हा विद्यार्थ्याने अकरावीतच दोन शिक्षक हेरावेत, त्यांच्या तासाला बसावे, शंका विचाराव्यात. आणि पत्र मागताना आपण त्यांच्या विषयात केलेल्या कामाचे एक पान टिपण नम्रपणे द्यावे. पत्र स्वतः लिहून सरांची सही घेण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. ती अप्रामाणिक तर आहेच, शिवाय सतरा वर्षांच्या मुलाने स्वतःविषयी लिहिलेले पत्र वाचणाऱ्याला ओळखूही येते.

तिकडचा "स्कूल कौन्सेलर" आपल्याकडे बहुधा नसतो. त्याची जागा प्राचार्य किंवा उपप्राचार्य घेऊ शकतात. त्यांच्याकडून शाळेचे एक पानी परिचयपत्र तयार करून घ्यावे, ज्यात मंडळ कोणते, वर्गात किती विद्यार्थी, गुण कसे दिले जातात आणि पहिल्या दहांत साधारण किती टक्के पडतात हे असेल. अधिकारी प्रत्येक फाइल तिच्या शाळेच्या पार्श्वभूमीवर वाचतात; राज्य मंडळाचे ८८ टक्के म्हणजे काय, हे कोणीतरी सांगितल्याशिवाय त्यांना कळणार नाही.

दहा ओळी आणि एक निबंध

बहुसंख्य विद्यापीठांचा अर्ज "कॉमन ॲप"वरून जातो (एमआयटी आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अर्ज स्वतंत्र आहेत). त्यात शाळेबाहेरच्या कामांसाठी दहा जागा असतात, प्रत्येकीच्या वर्णनाला फक्त १५० अक्षरे, आणि पुरस्कारांसाठी पाच. एलिमेंटरी-इंटरमिजिएट चित्रकला परीक्षांनी दहावीत वाढीव गुण मिळतात, पण अमेरिकेत त्या परीक्षा कोणाला ठाऊक नाहीत; ती जागा चित्रकलेची खरी आवड असेल तरच द्यावी. होमी भाभा केंद्राच्या ऑलिम्पियाडचे टप्पे मात्र तिकडे ओळखले जातात.

पालकांना वाटते की एखादी स्वयंसेवी संस्था काढली पाहिजे, शोधनिबंध छापून आणला पाहिजे. पैसे घेऊन असे काही "करून देणारे" हल्ली पुष्कळ झाले आहेत. माझे मत असे की, नागपूरच्या उन्हाळ्याने जे आपोआप समोर ठेवले आहे, ते या विकतच्या प्रकल्पांपेक्षा अधिक सकस आहे. समजा, एका मुलीने लक्षात घेतले की एप्रिल-मेमध्ये कॉलनीची टाकी दुपारीच रिकामी होते आणि त्याचे एक कारण म्हणजे प्रत्येक खिडकीला लटकलेला कूलर. तिने बादलीवर खुणा करून, कूलर भरताना किती पाणी लागते ते घरोघरी जाऊन नोंदवले. ही नोंद अर्जात दोन प्रकारे लिहिता येईल. एक: "पर्यावरण व जलसंधारण जनजागृती मोहिमेत सक्रिय सहभाग व नेतृत्व." दुसरी: "कॉलनीतील ४० कूलरना रोज लागणारे पाणी दोन महिने मोजले, नोंदी सोसायटीला दिल्या, टाकी भरण्याची वेळ बदलली." पहिली ओळ कोणाचीही असू शकते. दुसरीत मुलगी दिसते, तिची बादली दिसते, आणि पुढे मुलाखतीत कोणी खोदून विचारले तर तिच्याकडे सांगण्यासारखे असते.

मुख्य निबंध ६५० शब्दांपर्यंतचा असतो. त्याविषयी एवढेच सांगतो की कोटा किंवा क्लासमधील कष्ट, आजोबांचे निधन आणि क्रिकेटमधील पराभव हे विषय वर्ज्य नाहीत, पण हजारो अर्जांत असतात. आणि पहिला खर्डा ज्या भाषेत विचार येतो त्या भाषेत, म्हणजे मराठीत लिहिला तरी चालतो. पुढे तो इंग्रजीत नव्याने लिहावा, शब्दाला शब्द ठेवून उतरवू नये.

एसएटीबाबत थोडक्यात: ही परीक्षा आता संगणकावर, दोन तास चौदा मिनिटांची आणि १६०० गुणांची असते. करोनाकाळात तिची सक्ती सुटली होती. एमआयटीने ती २०२२ मध्ये पुन्हा आणली, आणि २०२४ मध्ये हार्वर्ड, डार्टमथ, ब्राउन वगैरेंनी तोच निर्णय जाहीर केला. कॅलिफोर्निया विद्यापीठ हे गुण पाहतच नाही. १५०० च्या पुढे गेल्यावर आणखी तीस गुणांसाठी चौथ्यांदा परीक्षा देण्यापेक्षा ते महिने अकरावीच्या गुणांना आणि शिक्षकांच्या तासांना द्यावेत.

यादी आणि दिवाळी

यादीत दहा-बारापेक्षा अधिक नावे नसावीत, कारण प्रत्येक अर्जाला शुल्क असते (बहुधा ७५ ते ९० डॉलर; अडचण असेल तर सवलत मागता येते) आणि बहुतेकांचे स्वतंत्र छोटे निबंधही असतात. त्यांत अतिनिवडक तीन-चार पुरेत. बाकीच्या जागांवर परदेशी विद्यार्थ्यांना मदत देणारी लहान महाविद्यालये आणि गुणांवर शिष्यवृत्ती देणारी मोठी राज्य विद्यापीठे असावीत; ॲरिझोना स्टेटसारखे, पात्र अर्जदारांपैकी बहुतेकांना घेणारे एखादे असावे, पण शिष्यवृत्तीनंतर उरणारा खर्च परवडत असेल तरच त्याला सुरक्षित म्हणावे. भारतात अशोका विद्यापीठासारख्या ठिकाणीही निबंध आणि मुलाखतीवर निवड होते, तेव्हा तीच तयारी तिथेही कामी येते.

"अर्ली डिसिजन" बांधील असते: प्रवेश मिळाला तर तिथेच जायचे, अपवाद फक्त मदत पुरेशी न मिळाल्याचा. "अर्ली ॲक्शन" बांधील नसते, परंतु हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि स्टॅनफर्ड यांचा लवकरचा अर्ज केला की इतर खासगी विद्यापीठांत लवकरचा अर्ज करता येत नाही.

लवकरच्या अर्जाची मुदत बहुधा १ नोव्हेंबर, आणि इथेच दिवाळी आडवी येते. सणाच्या सुट्टीत महाविद्यालयाचे कार्यालय बंद, प्राचार्य गावी, आणि गुणपत्रक संकेतस्थळावर चढवायचा पासवर्ड ज्या लिपिकाकडे आहे त्यांचा फोन लागत नाही, असा प्रसंग माझ्या एका विद्यार्थिनीवर आला होता. तिचे गुणपत्रक अखेर गेले, पण त्यावर अकरावीच्या रसायनशास्त्राचे गुण दुसऱ्याच विद्यार्थ्याचे छापले होते आणि ते कोणी ताडून पाहिले नव्हते. म्हणून शाळेचे सर्व कागद सप्टेंबरअखेर पूर्ण करून, प्रत्येक आकडा मूळ गुणपत्रिकेशी स्वतः जुळवून घ्यावा. नियमित अर्जाची मुदत १ जानेवारीच्या आसपास असते. त्याच महिन्याच्या अखेरीस जेईई मेनचे पहिले सत्र आणि फेब्रुवारीत बारावीची परीक्षा, त्यामुळे निबंध दिवाळीच्या सुट्टीतच संपवलेले बरे. पासपोर्ट त्याआधीच काढून ठेवावा. त्याचे कार्यालय नागपुरातच आहे. व्हिसाच्या मुलाखतीसाठी मात्र मुंबई गाठावी लागते.

मार्चनंतर

नियमित अर्जांचे निकाल मार्चअखेरपर्यंत येतात आणि १ मे पर्यंत एका ठिकाणी होकार कळवावा लागतो. प्रवेशपत्रासोबत मदतीचे पत्रही येते. त्यात कर्ज किती, विद्यापीठातील कामातून कमवायची रक्कम किती, आणि विमानभाडे व आरोग्य विमा धरला आहे की नाही, हे पाहावे. रक्कम कमी पडत असेल तर कागदपत्रांसह फेरविचाराची विनंती करता येते, आणि ती करण्यात गैर काही नाही. प्रतीक्षायादीत नाव असेल तर त्या भरवशावर दुसरीकडचा होकार रोखून धरू नये. आणि प्रवेश मिळाला म्हणून बारावीचा अभ्यास सोडू नये, कारण मेमध्ये निकाल लागल्यावर अंतिम गुणपत्रक पाठवावेच लागते.

१ मे च्या दिवशी जेईई ॲडव्हान्स्डचा निकाल हाती नसतो. तो जूनमध्ये लागतो. परंतु जेईई मेनच्या दुसऱ्या सत्राचा निकाल एप्रिलच्या उत्तरार्धात येतो, आणि बजाजनगरजवळच्या आपल्या व्हीएनआयटीचा प्रवेश त्याच रँकवर होतो, त्यातही निम्म्या जागा महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांसाठी असतात. तेव्हा होकार कळवण्याच्या आदल्या आठवड्यात विद्यार्थ्याने दोन कागद शेजारी ठेवावेत: एकीकडे परदेशातील मदतीचे पत्र, चार वर्षांच्या उरलेल्या खर्चाच्या बेरजेसह, दुसरीकडे व्हीएनआयटीच्या हव्या त्या शाखेची गतवर्षीची राज्य कोट्यातील शेवटची रँक, आणि तिच्याखाली आपली.